जाम नदीच्या पाण्यामागून

देशाटनाचे दोन प्रकार सांगता येतील. एका प्रकारात मनुष्य मुक्कामाच्या ठिकाणी जातो आणि मधली वाट ही त्याच्या दृष्टीने केवळ अडचण असते. ती जितकी लवकर संपेल तितके बरे. दुसऱ्या प्रकारात वाट हीच पाहण्याची वस्तू असते आणि मुक्काम हा केवळ तिचा शेवट असतो. पहिल्या प्रकाराला पैसा लागतो, दुसऱ्याला वेळ लागतो. ज्याच्यापाशी पैसा थोडा आणि वेळ पुष्कळ, तो आपोआप दुसऱ्या वर्गात पडतो आणि काही दिवसांनी त्यातच सुख मानू लागतो. परंतु या दोघांखेरीज एक तिसराही प्रवासी आहे. त्याच्यापाशी पैसा नसतो आणि वेळही नसतो. तरीही त्याला याच गाडीने आणि याच नावेने जावे लागते. पाठीवर पिशवी टाकून हौसेने निघालेला भटक्या आणि पोटासाठी निघालेला हा रोजचा उतारू एकाच बाकावर शेजारी शेजारी बसतात. अल्प खर्चाच्या प्रवासाचा विचार करावयाचा, तर या शेजाराचा विचार केल्यावाचून गत्यंतर नाही.

अशा प्रवासाला फार दूर जावे लागते असे नाही. एका दिवसाची, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतची वाटही त्याला पुरते. मात्र त्या वाटेला काही सूत्र असावे. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. मूळ शोधू नये हे खरे. पण नदी पुढे कोठे जाते हे पाहण्यास कोणाचीच मनाई नाही. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, मध्य प्रदेशातील पांढुर्णा या गावातून जाम नावाची एक लहानशी नदी वाहते. पुढे ती सौसर तालुक्यात शिरते आणि कन्हानला मिळते. कन्हान महाराष्ट्रात उतरून वाटेत पेंच, कोलार, नाग अशा नद्या पोटात घेते आणि अंभोरा येथे वैनगंगेच्या स्वाधीन होते. पांढुर्ण्याला सकाळी जामेचे पाणी पाहावे, सौसर, सावनेर, नागपूर असे करीत बसगाड्या बदलाव्या आणि मावळतीला अंभोऱ्याच्या संगमावर नावेत बसावे, असा हा एका दिवसाचा बेत आहे. त्याला लागणारे साहित्य बेताचेच आहे: पाठीवरची एक पिशवी, तीत एक जाड चादर, पाण्याची बाटली, विजेरी, घरची शिदोरी आणि पुष्कळशी सुटी नाणी. ऋतू मार्गशीर्षाचा असावा. पाऊस सरलेला असतो, नद्यांत पाणी असते, थंडी बोचक नसते आणि संत्र्यांचा आंबिया बहार बाजारात आलेला असतो.

पांढुर्णा हे नागपूर-इटारसी या मोठ्या लोहमार्गावरचे स्थानक आहे. त्यामुळे दिल्लीकडून मद्रासकडे धावणाऱ्या गाड्या पूर्वीपासून या गावाच्या अंगावरून जात आल्या. गावाची भाषा मराठी, कचेरीची हिंदी, बाजाराची दोन्ही. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौसर हे भाग वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. त्यामुळे तालुक्याच्या या गावाला आता जिल्ह्याच्या गावाची धावपळ आली आहे. पहाटे स्थानकावर उतरलेल्या प्रवाशाला चहाच्या टपरीवर प्रथम ऐकू येते ती नागपुरी-वऱ्हाडी वळणाची बोली. ‘कुठी जाता जी?’ हा प्रश्न तेथे चौकशीचा नसून स्वागताचा असतो.

गावाला लागूनच जामेचे पात्र आहे आणि पलीकडे सावरगाव आहे. या पात्राची ख्याती दूरवर गेली ती गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते आणि घरोघर तान्हा पोळा होतो, त्याच दिवशी येथे नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. तो हस्तगत करण्यासाठी दोन्ही तीरांवरून एकमेकांवर दगडांचा वर्षाव होतो. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांनी पळून जाण्याचा बेत केला आणि नदीतच दोन्ही गावांच्या दगडांखाली त्यांचा अंत झाला, अशी दंतकथा या प्रथेमागे सांगतात. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात नेतात आणि दोन्ही गावे पुन्हा शेजारधर्माला लागतात. या खेळात दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि आजवर अनेकांचे प्राणही गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू वापरावेत असाही प्रयत्न शासनाने करून पाहिला, पण लोकांनी तो मानला नाही. मार्गशीर्षातल्या सकाळी मात्र हे पात्र शांत असते. कोठे धुणे, कोठे गुरे, कोठे शाळेला निघालेली मुले. ज्या पाण्याने एक दिवस दोन गावे तोडली, तेच पाणी उरलेले वर्षभर त्यांना जोडून ठेवते.

पांढुर्ण्याहून नागपूरला थेट रस्ता आहे. ज्याला केवळ पोहोचावयाचे आहे त्याने तोच धरावा. पाण्यामागून जाणाऱ्याने मात्र पूर्वेकडे वळून सौसरची गाडी पकडावी. बसची वेळ आज खिशातल्या मोबाईलवर पाहता येते खरी. पण खेड्याच्या थांब्यावर पानठेल्यावाल्याचा शब्दच अखेर प्रमाण ठरतो. गाडी लागली की खिडकीतून दुपट्टे आत पडतात. ज्याचा दुपट्टा त्याची जागा, हा कायदा कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नाही. तो मोडण्याची छाती मात्र कोणाला होत नाही. नवख्या प्रवाशाने हा कायदा शिकावा आणि त्याहून मोठा असा दुसराही शिकावा. गाडी भरली की मागून कोणी तरी म्हणते, ‘सरकून घ्या जी, लेकराले बसू द्या.’ तिघांच्या बाकावर मग चौघे बसतात आणि पाचवे लेकरू कोणाच्या तरी मांडीवर जाते. त्या मांडीची आणि लेकराची ओळख असतेच असे नाही.

बाहेर संत्र्यांच्या बागा सुरू होतात. नागपुरी संत्र्याचे नाव जरी नागपुराला मिळाले असले, तरी त्या फळाला राज्याची सीमा ठाऊक नाही. पांढुर्णा आणि सौसर या दोन्ही तालुक्यांत त्याच जातीच्या बागा आहेत, मध्ये कपाशी आणि तुरीची शेते आहेत. फळ उतरविण्याच्या दिवसांत बसमध्ये मजूर बायका चढतात. डोक्याला फडके, हातात डबा, पायात धुळीने पांढऱ्या झालेल्या चपला. त्या चार-पाच मैलांवर उतरतात आणि संध्याकाळी याच गाडीने परततात. संध्याकाळची गाडी चुकली तर त्यांना पायपीट करावी लागते आणि घरी चूल उशिरा पेटते. भटक्याची गाडी चुकली तर त्याच्या रोजनिशीला एक गमतीचा प्रसंग मिळतो. एकच गाडी, एकच तिकीट, एकच चूक. पण तिची किंमत दोघांना सारखी पडत नाही.

आणि ही गाडी कोणाची, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. मध्य प्रदेशाचे स्वतःचे राज्य परिवहन निगम होते. तोटा वाढत गेला तेव्हा 2005 साली ते बंद करण्याचा निर्णय झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्याच्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. त्यांची जागा खाजगी मालकांच्या गाड्यांनी घेतली. खाजगी मालक वाईट असतो असे नाही. कित्येक गाड्या वक्तशीर आहेत आणि त्यांचे कंडक्टर उतारूंना नावाने ओळखतात. परंतु मालकाचा हिशेब भरलेल्या गाडीचा असतो. ज्या वाटेवर उतारू थोडे, त्या वाटेवर गाडी थोडी, आणि रात्रीची गाडी तर नाहीच, हे त्या हिशेबातून ओघानेच येते. अडल्या-नडलेल्यासाठी अर्धी रिकामी गाडीसुद्धा सोडणे हे काम केवळ समाजाने, म्हणजे शासनाने, अंगावर घ्यावयाचे असते. मध्य प्रदेश शासनाने 2025 साली सार्वजनिक बससेवा नव्या स्वरूपात पुन्हा उभारण्याचा निर्णय घेतला, त्याचे कारण हेच असले पाहिजे.

सौसरला गाडी बदलण्यापूर्वी हाताशी वेळ असेल तर जामसावळीला जाऊन यावे. जाम नदीच्या काठचे हे हनुमंताचे स्थान दोन्ही राज्यांतील भाविकांना प्रिय आहे. येथील मूर्ती नेहमीप्रमाणे उभी नसून निद्रिस्त आहे आणि ती स्वयंभू मानतात. शनिवारी आणि मंगळवारी नागपूरकडून येणाऱ्यांची रीघ लागलेली असते. लोखंडी पट्ट्या आणि आरक्षित तिकिटे यांच्या आधी या देशातील गरीब माणसाचा प्रवास देवाच्या निमित्ताने होत असे, आणि आजही पुष्कळसा तसाच होतो. वारी, जत्रा आणि पोळ्याला माहेरी येणे हेच त्याचे देशाटन. धर्मशाळा, पाणपोई आणि वाटेवरचे झाड ही त्याची विश्रांतिस्थाने. अल्प खर्चाने हिंडण्याची विद्या पाश्चात्त्य तरुणांनी शोधून काढली, असे कोणाला वाटत असल्यास त्याने जामसावळीच्या वडा-पिंपळांच्या सावलीत शिदोरी सोडून बसलेली कुटुंबे पाहावीत. चार माणसांचे जेवण, एक चटई, एक तांब्या आणि परतीच्या तिकिटापुरते पैसे कनवटीला. यापेक्षा आटोपशीर प्रवास कोणत्या पुस्तकाने शिकविला आहे?

सौसरशी आणखी एक आठवण निगडित आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने सातपुड्यात अडीच फूट रुंदीच्या रुळांचे एक जाळे विणले. त्यातील नागपूर-छिंदवाडा मार्गावर सौसर हे स्थानक होते. ही छोटी गाडी हळू चाले, घाट चढताना धापा टाकी, आणि तिच्या डब्यात दुधाचे हंडे, भाजीच्या टोपल्या, शेळ्या आणि विद्यार्थी असे सर्वच मावत. तिचे भाडे बसपेक्षा पुष्कळ कमी असे. रुंद रूळ टाकण्यासाठी 2015 च्या अखेरीस ती बंद झाली. काम टप्प्याटप्प्याने पुरे होऊन रुंद मार्गावर गाड्या पुन्हा धावू लागेपर्यंत मधली काही वर्षे या खोऱ्यातल्या माणसांना केवळ रस्त्यावर अवलंबून राहावे लागले. छोट्या गाडीचे छायाचित्र घेणाऱ्या हौशी माणसांना तिच्या जाण्याने हळहळ वाटली. भाजीची टोपली घेऊन रोज नागपूरला जाणाऱ्या बाईला मात्र हळहळीपेक्षा भाड्यातील फरक अधिक जाणवला असेल. प्रगतीने दिलेली गोष्ट खचित मोठी असते, पण ती येईपर्यंतच्या दिवसांचे बिल बहुधा याच माणसांच्या नावे फाटते.

सौसरहून नागपूरची गाडी पकडली की थोड्याच वेळात राज्याची सीमा लागते. तिच्या अलीकडे काळी माती आहे आणि पलीकडेही काळीच माती आहे. अलीकडे संत्री, पलीकडेही संत्री. बोली तीच, पोळा तोच. पाटीवरचा मजकूर तेवढा बदलतो. ही रेघ फार जुनी नव्हे. 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि सौसरचा शेतकरी आपल्याच राजधानीला संत्री नेत होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याची राजधानी भोपाळ झाली. पुढे 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्या दिवसांपासून सौसरच्या माणसाचे न्यायालय आणि सचिवालय उत्तरेला आहे. दवाखाना, बाजार आणि सोयरीक मात्र दक्षिणेलाच राहिली.

ही रेघ नकाशावर पुसट दिसते, पण तिकिटावर ती ठळक उमटते. महाराष्ट्राच्या एस.टी.ने 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना विनामूल्य प्रवास दिला आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास दिला. या सवलती अर्थातच महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्या आहेत. सौसरला नांदणारी लेक सावनेरला माहेरी निघाली, तर सीमेपर्यंत तिला पूर्ण भाडे पडते आणि सीमेपासून पुढे अर्धे. तीच बाई, तेच मूल कडेवर, तोच बाक. मध्ये एक अदृश्य रेघ आली एवढेच. यात कोणा एकाचा दोष नाही. प्रत्येक राज्याने आपल्या पैशातून आपल्या नागरिकांची सोय पाहावी हे रीतीला धरूनच आहे. परंतु सीमेवर राहणाऱ्या माणसाचे आयुष्य दोन्ही बाजूंना पसरलेले असते. शेजारच्या राज्यांनी अशा चार-दोन मार्गांपुरता तरी एकत्र विचार करावा, एवढी अपेक्षा त्याने ठेवली तर ती अवास्तव म्हणता येणार नाही.

पुढे सावनेर लागते. कोलार नदीच्या काठचे हे गाव मराठी रसिकाने न उतरता ओलांडू नये. राम गणेश गडकरी यांनी 23 जानेवारी 1919 रोजी येथेच देह ठेवला. त्यांचे वय तेव्हा अवघे तेहतीस वर्षांचे होते. पुण्या-मुंबईच्या रंगभूमीला वेड लावणारा हा नाटककार व्याधीने जर्जर होऊन एवढ्या दूर विदर्भात आला आणि कोलारच्या काठी त्याची यात्रा संपली. सावनेरच्या बसस्थानकावर चहा घेणाऱ्या दहा जणांपैकी कितींना हे ठाऊक असेल हा प्रश्न निराळा. परंतु मोठ्या शहरांच्या स्मारकांपेक्षा अशा बसस्थानकावर ही आठवण अधिक जिवंत होते, हा अनुभव वाट चालणाऱ्याला येतो. मोटारीने भरधाव जाणाऱ्याला सावनेर ही केवळ एक पाटी असते.

दुपारी गाडी नागपुरात शिरते. या शहराचेही वरच्या डोंगराशी जुने नाते आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविणारा गोंड राजा बख्त बुलंद याची गादी देवगडची, आणि ते देवगड आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. राजा ज्या डोंगरातून आला, त्याच डोंगरातून पाणीही येते. नागपूर आपली तहान पेंच आणि कन्हान या नद्यांवर भागविते. तेव्हा सकाळी पांढुर्ण्याला ज्या पाण्यात मुलांनी पाय बुडविले, त्याचा एखादा अंश या शहराच्या नळातून येतच असला पाहिजे. शहर मात्र या ऋणाची फेड वेगळ्या प्रकाराने करते. ज्या नाग नदीवरून त्याने आपले नाव घेतले, तिच्यातून त्याचे सांडपाणी वाहते आणि ते पुढे कन्हानच्याच पदरात पडते. वरच्या खेड्यांनी पाणी पाठवावे आणि खालच्या खेड्यांनी सांडपाणी घ्यावे, ही शहरांची जुनी रीत नागपुरालाही चुकलेली नाही. गणेशपेठेच्या बसस्थानकावर झटपट पोहे खाऊन पुढची गाडी शोधणाऱ्या प्रवाशाला हा विचार सुचण्यास सवड नसते. तो त्याला सायंकाळी नदीकाठी सुचतो.

नागपूरहून कुही आणि वेलतूरच्या वाटेने अंभोरा सुमारे पाऊणशे किलोमीटर आहे. आता धानाची शेते दिसू लागतात. कापणी होऊन बांधावर पेंढ्या रचलेल्या असतात. संत्र्यांचा देश मागे राहिला आणि तांदळाचा देश सुरू झाला, हे सांगायला वाटाड्या लागत नाही. बसमध्ये चढणाऱ्यांच्या पिशव्याच ते सांगतात. दिवस मावळतीला झुकला असता टेकडी दिसते, टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ दिसते आणि खाली समुद्रासारखे पाणी पसरलेले दिसते. वैनगंगा, कन्हान, आंब, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा हा संगम. मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये, म्हणजे इसवी सन 1188 मध्ये, ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ येथेच रचला, असे विदर्भाची परंपरा मानते. मराठवाड्यात तोच मान अंबाजोगाईला देतात. वाद पंडितांनी मिटवावा. एवढे खरे, की मराठीच्या पहिल्या ग्रंथांपैकी एकाचा जन्म कल्पावा अशीच ही जागा आहे.

येथील पाणी पूर्वीपेक्षा पुष्कळ रुंद झाले आहे. 1988 साली भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे त्याचे पाणी मागे पसरत संगमापर्यंत आले. धरणाने शेताला पाणी दिले, काही गावांना उठवून दुसरीकडे बसविले आणि उरलेल्यांसमोर नदीचा विस्तार वाढविला. नागपूर जिल्ह्यातल्या तीरावरून भंडारा जिल्ह्यातल्या तीरावर जावयाचे, तर नाव हाच जवळचा मार्ग होता. बाजार, शाळा, लग्नकार्य, आजारपण, सारे काही नावेतून. जानेवारी 2024 मध्ये येथे सुमारे सातशे मीटर लांबीचा पूल वाहतुकीला खुला झाला. उंच मनोऱ्याला तारांनी तोललेला हा पूल आणि त्यावरील सज्जा पाहण्यास आता दुरून लोक येतात. नावेची निकड सरली. संगमावर आता माणसे हौसेने नावेत बसतात.

दिवसभर बसच्या धक्क्यांनी शिणलेल्या शरीराला नावेचा संथपणा औषधासारखा वाटतो. वल्ह्याचा आवाज, पाण्यावर उतरलेले तांबूस आकाश आणि दूर डोंगरामागे बुडणारा सूर्य. पांढुर्ण्याची जाम या पाण्यात कोठे तरी आहे, पण ती आता वेगळी काढून दाखविता येणार नाही. प्रवासाचा बेत येथे सफळ झाला, असे म्हणून थांबता आले असते. परंतु पाणी येथे थांबत नाही आणि त्याची गोष्टही थांबत नाही.

हीच वैनगंगा खाली गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या मधून वाहते. 23 जानेवारी 2024 रोजी, म्हणजे अंभोऱ्याचा पूल ज्या महिन्यात खुला झाला त्याच महिन्यात, चामोर्शी तालुक्यातील गणपूर येथील मजूर स्त्रिया मिरची तोडण्याच्या कामासाठी लहान नावेतून पैलतीराला निघाल्या होत्या. मध्यप्रवाहात नाव उलटली आणि सहा जणींचा अंत झाला. त्या सहलीला निघाल्या नव्हत्या, की तीर्थयात्रेलाही निघाल्या नव्हत्या. त्यांची ती रोजची वाट होती. दिवसाच्या मजुरीसाठी जी नदी ओलांडावी लागते, तिच्यावर त्यांच्यासाठी जवळ पूल नव्हता आणि नावेत प्राणरक्षक पट्टेही नव्हते. एकाच नदीवर, एकाच महिन्यात, एकीकडे सज्ज्यासह उभा राहिलेला पूल आणि दुसरीकडे उलटलेला डोंगा, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे प्रवास या शब्दाचे दोन अर्थ निराळे करून सांगावे लागत नाहीत.

म्हणून अंभोऱ्याच्या नावेत बसणाऱ्याने प्रथम पट्टा मागावा. नावेत माणसे अधिक होत असतील तर आपण उतरावे, आणि नावाड्याने घाई केली तरी संकोचू नये. यात केवळ स्वतःच्या जिवाची काळजी नाही. हौशी माणसाने मागितलेली सोय नावाड्याच्या अंगवळणी पडते आणि उद्या ती कामाला जाणाऱ्या बाईलाही मिळते. बसच्या बाबतीतही हेच आहे. पाठीवर पिशवी घेऊन फिरणाऱ्याने शक्य तेथे सार्वजनिक गाडीच पकडावी, तिकीट मागून घ्यावे, गर्दीच्या वेळी म्हाताऱ्याला जागा द्यावी, आणि गाडी बंद पडणार अशी वार्ता कानी आली तर गावकऱ्यांच्या अर्जावर आपलीही सही करावी. स्वस्त प्रवास ही त्याची स्वतःची चतुराई नव्हे. ज्या बसने, ज्या नावेने आणि ज्या धर्मशाळेने त्याचा दिवस अल्प खर्चात पार पडला, त्या सर्व दुसऱ्या कोणाच्या गरजेतून उभ्या राहिल्या आहेत. त्या गरजवंतांची गर्दी नसती तर गाडी सुटलीच नसती.

अंधार पडल्यावर पुलावरून पैलतीर गाठावा आणि भंडाऱ्याची वाट धरावी. भंडारा हमरस्त्यावर असल्याने तेथून नागपूरला परतण्याची सोय होते. दिवसाचा हिशेब मांडला तर तो फार भरत नाही: चार-पाच तिकिटे, दोन वेळचा चहा, पोह्यांची एक बशी, नावेचे भाडे आणि सौसरच्या बाजारातून घेतलेली शेरभर संत्री. ती संत्री बहुधा घरापर्यंत पोहोचतही नाहीत. परतीच्या गाडीत शेजारच्या मांडीवर एखादे लेकरू झोपेला आलेले असते, आणि पिशवी आपोआप उघडते.